तुमची नायिका १८९८ ची का वाटत नाही

प्रश्न खानापूरहून आला आहे. विचारणाऱ्या बाई शाळेत शिकवतात आणि एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहीत आहेत. गाव बेळगाव, साल १८९८, नायिका तेवीस वर्षांची ब्राह्मण विधवा, स्वतंत्र बाण्याची. पेठेतल्या सावकाराचा खून होतो आणि ती त्याचा छडा लावते. पहिली तीन प्रकरणं त्यांनी मला वाचायला पाठवली. ज्यांनी ती आधी वाचली त्यांचं म्हणणं एकच: 'बाई आवडली, पण आजची वाटते.' म्हणून त्या विचारतात, तिचा स्वतंत्रपणा थोडा कमी करू का?

मुळीच करू नका. तो कशातून येतो तेवढं बदला.

मी तीस वर्षं मोडी लिपीतले जुने कागद वाचते आहे, आणि त्याच काळात ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितंही तपासत आले. त्या कागदांत विधवा पानोपानी भेटतात. दिरावर फिर्याद लावतात, दत्तक घेतात, कुळाकडून खंड वसूल करतात, अन्नवस्त्र थकलं म्हणून अर्ज करतात. मनानं त्या तुमच्या नायिकेइतक्याच ताठ आहेत. फरक असा की तुमची नायिका दुसऱ्या प्रकरणात फौजदारासमोर उभी राहून स्त्रीच्या हक्कांवर दीड पान बोलते, आणि कागदांतल्या बायका म्हणतात, 'माळावरचं चार कुरगीचं शेत माझ्या वहिवाटीत आहे, दीर अडथळा करतो.' त्या एका वाक्यात मला जास्त धीट बाई दिसते.

तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, जी तुमच्या तीनही प्रकरणांत कुठेच आलेली नाही: तिचा नवरा मेला तेव्हा तो भावापासून विभक्त होता की एकत्र? त्या काळच्या हिंदू विधवेचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर फिरत असे. एकत्र कुटुंबात नवरा गेला तर त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या भावांकडे जाई आणि तिला फक्त अन्नवस्त्र. विभक्त असला आणि मुलगा नसला, तर मिळकत तिच्याकडे येई, हयातीपुरती. उत्पन्न खायचं, पण कायदेशीर गरजेशिवाय विकायचं नाही, आणि ती गेल्यावर मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे तिच्या मरणाची वाट पाहणारी माणसं तिच्या ओसरीवरच बसलेली असत. हे बदलायला १९३७ चा आणि मग १९५६ चा कायदा यावा लागला. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली सुरुवात कुठून मिळणार?

आणि विभक्त होता हे सिद्ध कसं करायचं? वाटणीपत्र असलं तर प्रश्नच नाही. पण पुष्कळ वाटण्या तोंडी होत. मग कोर्टात विचारलं जाई, चूल वेगळी होती का? हिशेबाच्या वह्या वेगळ्या होत्या का? कुळाचार वेगवेगळे होत होते का? नुसत्या चुलीवरून निकाल लागत नसे, पण चूल मोजली जाई. आता बघा, दुसरी चूल कोणत्या महिन्यात घातली, पहिल्या दिवशी तिच्यावर काय शिजलं, सासूबाई कुणाच्या पंगतीला जेवल्या, हे घरातल्या कुणाला सांगता येईल? तुमच्या नायिकेला. तिला कचेरीत धाडून तपास करायला लावता, त्याऐवजी स्वयंपाकघरात बसवा. अर्धा पुरावा तिथेच आहे.

तुमच्या कथेतला सुधारक दीर मला फार आवडला, पण तुम्ही तो सरळ चांगला ठेवला आहे. तो तिच्या पुनर्विवाहासाठी धडपडतो, पुण्याच्या मंडळींना पत्रं लिहितो. आता १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा उघडून त्याचं दुसरं कलम वाचा. विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क संपतो, जणू ती त्याच वेळी मेली असं धरून, आणि मिळकत पुढच्या वारसाकडे जाते. पुढचा वारस कोण? दीर. तो मनापासून सुधारक असेलही, पण तिचं लग्न झालं की त्याला जमीन मिळते ही गोष्ट खरीच राहते. वाचकाला शेवटपर्यंत कळू नये की त्याच्या मनात काय आहे. तुमच्या सावकारापेक्षा हा माणूस कितीतरी जास्त भीतीदायक होईल.

याच्याच बाजूला एक निकाल ठेवा. १८८० मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टानं, ठरवलं की एकदा वारसानं मिळालेली मिळकत विधवेच्या नंतरच्या वर्तनावरून काढून घेता येत नाही. अन्नवस्त्रावर जगणारीला मात्र हे संरक्षण नव्हतं; तिच्यावर बदफैलीचा आळ सिद्ध केला की तिचं अन्नच तुटे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रकरणात गावात तिच्याबद्दल कुजबुज सुरू होते ती नुसती बदनामी राहत नाही. ती विभक्ताची विधवा ठरली तर कुजबुजीनं तिची इंचभर जमीन जात नाही. एकत्र कुटुंबातली ठरली तर तीच कुजबुज तिला रस्त्यावर आणते. कुजबुज कोण पसरवतो आणि कधीपासून, हा तुमच्या कादंबरीतला पहिला खरा धागा होऊ शकतो.

दत्तकाचं प्रकरणही हातात ठेवा. आपल्या मुंबई इलाख्यात विभक्त नवऱ्याच्या विधवेला, नवऱ्यानं मनाई केली नसेल तर, त्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येत असे. एकत्र कुटुंबात नवऱ्याची परवानगी किंवा घरच्यांची संमती लागे. म्हणजे विभक्ताच्या विधवेनं एखादा मुलगा मांडीवर घेतला की दिराची सगळी आशा एका दुपारी संपली. आपल्याच जिल्ह्यातली कित्तूरची राणी चन्नम्मा विधवा होती, आणि १८२४ ची तिची लढाई दत्तक मान्य करण्यावरूनच पेटली. तुमच्या नायिकेला पराक्रमी पूर्वज शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता खून. सावकार मेला काय आणि राहिला काय, तुमच्या नायिकेचं त्यात काही अडत नाही. ती केवळ हुशार आहे म्हणून शोध घेते. हीच खरी अडचण आहे. माझी सूचना अशी: मरणारा माणूस तिच्या नवऱ्याचा जुना कारकून असू द्या. वाटणी झाली तेव्हा हजर असलेला, आणि साक्ष देऊ शकणारा शेवटचा माणूस. तो गेला की तिची जमीन गेली. मग ती शोध घेईल तो कुतूहलानं नव्हे.

आणि साल १८९८ तुम्ही निवडलंच आहे तर प्लेगला मागच्या पडद्यावर ठेवू नका. १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, १८९८ मध्ये हुबळी-धारवाडच्या बाजूला त्यानं कहर केला. घरांची झडती, सामानाची धुरी, माणसं छावणीत, नाहीतर शेतात झोपड्या घालून. लोक मरण लपवत, कारण मरण कळलं की घर उघडून टाकत. अशा दिवसांत कारकून मेला तर कोण विचारणार? 'गाठ आली होती' म्हटलं की संपलं, घाईनं नेऊन जाळलं. पण मयताला शेवटची आंघोळ घालताना जवळ असलेल्या बाईला ठाऊक असतं की काखेत, जांघेत गाठ नव्हती. विधवेला लग्नामुंजीत कुणी बोलवत नाही, पण मयताच्या कामाला सगळ्यात आधी बोलावतात. तिथे ती उभी असते आणि बघते. डॉक्टर तिला म्हणेल, गाठ न येताही प्लेग होतो, रक्तात भिनला की गाठ दिसत नाही. तो खोटं बोलत नाही. तसा प्लेग असतोच. तिची शंका आणि त्याचं शास्त्र, दोन्ही खरं असू शकतं, आणि कादंबरी तेवढ्यावर शंभर पानं चालू शकते.

विष द्यायचंच असेल तर सोमल, म्हणजे आर्सेनिक, द्या. उंदरांसाठी, कातड्यासाठी घरोघर येत असे. विषांवरचा अखिल भारतीय कायदा १९०४ चा. विसेरा, म्हणजे प्रेताच्या पोटातले अवयव, तपासणीला मुंबईला सरकारी रसायन परीक्षकाकडे जाई. रेल्वे बेळगावात १८८७ मध्ये आलेली आहे, तेव्हा पेटी गाडीनं जाईल, पण अहवाल यायला दिवस लागतील, आणि प्रेत जळून गेलं असेल तर पेटीच नाही. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात फौजदार पेल्यावरचे बोटांचे ठसे मिळवतो, ते काढून टाका. कलकत्त्याला ठशांची कचेरी १८९७ मध्ये निघाली आणि पुरावा कायद्यात बोटांच्या ठशांचा उल्लेख आला १८९९ मध्ये. बेळगावच्या फौजदाराला १८९८ मध्ये पेल्यावरून माणूस ओळखता येणार नाही.

त्याऐवजी स्टॅम्पाचा कागद वापरा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला यातलं सगळं प्रिय आहे.

समजा दीर एक हक्कसोडीचा दस्त पुढे करतो: वहिनीनं पाचशे रुपये घेऊन सगळा हक्क सोडला. दस्त मोडीत आहे. खाली तिची निशाणी आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाची सही म्हणजे निशाणी. शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी. लेखनिक नाव लिहितो आणि शेजारी एक लहानसं वर्तुळ. हातात बांगडी नसलेली बाई कागदावर मात्र बांगडी काढते. असा कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी बराच वेळ पुढचं काही वाचलं नव्हतं.

वर्तुळ कुणीही काढू शकतं. म्हणून त्याच्याभोवतीचं सगळं पाहायचं: साक्षीदार कोण, लेखनिक कोण, आणि पाठीमागे स्टॅम्प विकणाऱ्याचा शेरा. कागद कुणाला, कोणत्या तारखेला, कितव्या नंबरानं विकला, ते तो लिहीत असे आणि त्याच्या रजिस्टरातही तीच नोंद असे. कागदावरची तारीख आणि शेऱ्यावरची तारीख जुळली नाही की दस्त लंगडा पडतो. त्या तारखेला पेठ प्लेगमुळे रिकामी झाली होती असं निघालं तर? शिवाय शंभर रुपयांवरच्या स्थावराचा असा दस्त नोंदवल्याशिवाय चालत नसे. तेव्हा सब-रजिस्ट्रारसमोर कुणीतरी बाई 'हो, मीच करून दिला' म्हणून गेली असलीच पाहिजे. आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, डोक्यावरून ओढलेली, मान खाली, ओळख पटवायला दिराचेच दोन साक्षीदार. केशवपन केलेली कोणतीही विधवा त्या खोलीत तुमची नायिका होऊ शकते. कोण गेली होती ती? तिला काय मिळालं, की कशाची धमकी होती? तुमच्या कादंबरीतली दुसरी विधवा ही आहे, आणि तिला शोधून काढताना नायिकेला जे कळेल ते खुनी सापडण्यापेक्षा मोठं असेल.

आणखी एक. तुमची नायिका तो कागद घेऊन सरळ वाचते. मीही माझ्या पहिल्या कादंबरीत हीच चूक केली होती. एका वृद्ध वाचकानं पत्र लिहून दाखवून दिली आणि मला ती आजही बोचते. शाळेत गेलेली मुलगी बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचे, पोथी वाचे, छापील पुस्तक वाचे. मोडी ही कचेरीची लिपी. तिचा सराव बहुतेक मुलांनाच मिळे. आधी सबंध ओळभर रेघ मारून मग खाली अक्षरं लटकवायची, शब्द तोडायचे नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. म्हणजे साक्षर बाईसमोर तिच्याच आयुष्याचा कागद ठेवला आणि तिला तो वाचता आला नाही. या क्षणाइतकं काही तुमच्या तीन प्रकरणांत नाही. मग ती पुतण्याच्या पाटीवरून मोडी शिकेल, चुलीच्या राखेत गिरवेल. स्वतंत्र बाणा असा दाखवा. भाषणाची गरजच पडणार नाही.

तिच्या वाचनाचा प्रश्न तुम्ही वेगळा विचारला आहे. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती 'यमुनापर्यटन', १८५७ ची, विधवांच्या हालांवर लिहिलेली, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी जन्मानं बेळगावचे. लंडन मिशनचं काम इथे १८२० पासून होतं. तेव्हा ते पुस्तक तिच्या हाती पडलं तर नवल नाही. घरात सापडलं तर मात्र मोठा गहजब. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम १८९६ चा, दोन्ही विधवांसाठी. तिनं ही नावं ऐकलेली असणार. मग वाचक विचारेल, ती पुण्याची गाडी का पकडत नाही? उत्तर तुमच्याकडे तयार हवं: घर सोडलं की वहिवाट गेली. ती अडकून पडलेली नाही, ती जागा धरून बसली आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'विधवेला बाहेर पडताच येत नसे, म्हणून मी तिला वेषांतर करायला लावते.' माझ्या वडिलांची आत्या लहानपणी विधवा झालेली. मी लहान असताना ती खानापूरच्या घरी होती, सत्तरीच्या पुढची. तिचं तोंड सकाळी दिसू नये असं लोकांना वाटे, म्हणून ती पहाटे चारला नदीवर जाऊन येई. त्यामुळे पहाटे चारला गावात कोण कुठल्या दारातून बाहेर पडतं हे तिला माहीत असे. दुपारी बायका तिच्यासमोर काहीही बोलत, जणू तिथे कुणी बसलेलंच नाही. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. मोठी झाल्यावर मला कळलं की घरातले सगळे तिला जरा भीत. वेषांतर कशाला? आलवण हाच असा वेष आहे की लोक आपणहून नजर वळवतात.

मात्र आलवण आणि केशवपन सगळ्या विधवांना चिकटवू नका. ते मुख्यतः ब्राह्मणांत. पुष्कळ मराठा-कुणबी घरांत पाट लागे, लिंगायतांत आणि इतर काही जातींत उडकी होई, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. तुमच्या नायिकेच्या परड्यात काम करणारी बाई दुसऱ्यांदा लग्न केलेली असू शकते, आणि ती नायिकेकडे दयेनं पाहत असेल. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी विधवांचे केस काढायचे नाहीत असा ठराव केला, ती बातमी बेळगावच्या न्हाव्याच्या कानावर कधी आली, तो पुढच्या वेळी वस्तरा घेऊन आला तेव्हा काय बोलला, हा प्रसंग मला तुमच्याकडून वाचायचा आहे.

जागेबद्दल थोडं. 'सीमाभाग' हा शब्द तिच्या तोंडी घालू नका. तो आपला आहे, १९५६ नंतरचा. टिळकवाडीही तेव्हा नाही. पण सीमा होत्याच, आणि त्या तुमच्या फार कामाच्या आहेत. बेळगावला लागून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. विणकरांची, सराफांची पेठ, चालत गेलं तर काही मिनिटं, आणि तिथे पोचलं की हुकूम दुसऱ्याचा. इंग्रजी हद्दीतल्या फौजदाराला तिथे परस्पर हात घालता येत नसे, पत्रव्यवहार करावा लागे. आलवण विणणारा माग शहापुरात आणि ते विकत घेणारी बाई बेळगावात. ती दुसरी विधवा शहापुरात लपली असेल तर फौजदार हद्दीवर थांबेल आणि तुमची नायिका लुगडं घ्यायला म्हणून सरळ आत जाईल.

भाषेचं भांडणही आजच्यासारखं रंगवू नका. ती घरात मराठी बोलेल, कुळाशी कानडी, आणि दोन्हींत हिशेब करेल. शेजारणीला अक्का म्हणेल. आपल्याकडच्या बाया अजून 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात. तुम्ही त्यांच्या तोंडी पुण्याचं 'जाते, येते' घातलंत. खानापूरच्या लेखिकेनं तरी असं करू नये. तुमच्या आजीचं बोलणं आठवा आणि तसंच्या तसं उतरवा.

शेवटच्या प्रकरणासाठी तुम्ही जागा विचारली आहे. कोर्ट नको वाटतं म्हणता. सौंदत्तीला न्या. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, रांडव पुनवेला, यल्लम्मा स्वतः विधवा होते, बांगड्या फुटतात. माघातल्या अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. या दोन पुनवांच्या मधल्या दिवसांत डोंगरावरची देवी आणि तुमची नायिका एकाच स्थितीत असतात. हक्कसोडीच्या दस्तावर बांगडी काढणारी ती दुसरी बाई तिला तिथे भेटू द्या, फुटलेल्या काचांच्या ढिगाशेजारी. तिला कबुली द्यायला कुणी भाग पाडू नये. नायिकेनं नुसता कागद पुढे करावा आणि आता येऊ लागलेली मोडी अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचावीत.

पहिलं प्रकरण मात्र आधी नव्यानं लिहा, आणि ते चुलीपासून सुरू करा. लिहून झालं की पाठवा, मी वाचते.